दूरचित्रवाणी आणि प्रतिध्वनी



साहित्य, इतिहास आणि अध्यात्म यांच्या पंगतीत चालकांनी आज विज्ञानालाही पाट मांडला, याबद्दल त्यांचे आभार मानून मी थेट विषयाला हात घालतो. विषय प्रतिध्वनीचा आहे. डोंगरात 'ओ' दिल्यावर उलट येणारी हाक आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. विजापूरच्या गोलघुमटात एकदा टाळी वाजविली की ती पुनःपुन्हा ऐकू येते, हेही आपणांपैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. दूरचित्रवाणीच्या लहरींनाही असेच पडसाद असतात. ते आपल्या कानाला ऐकू येत नाहीत, पण घरातल्या संचाला ऐकावेच लागतात, आणि खरी हाक कोणती व पडसाद कोणता याचा निवाडा त्याला सेकंदाच्या लक्षांश भागात करावा लागतो. हा निवाडा आजचा अंकीय संच, म्हणजे ज्याला आपण डिजिटल म्हणतो तो संच, कसा करतो हे मला सांगावयाचे आहे. गणिताची भीती बाळगू नये. बेरीज, वजाबाकी आणि थोडा त्रिताल एवढ्या भांडवलावर आपले काम भागेल.

प्रथम आपला मुलूख पाहू. फाटा म्हणजे रस्त्याला फुटलेली शाखा. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा रस्ता, कल्याणचा रस्ता आणि महाप्याकडून डोंगर ओलांडून येणारा रस्ता येथे एकमेकांस भेटतात, म्हणून हा शीळफाटा. मुंबईहून येथे यावयाचे तर वाट एकच नाही. कोणी ठाण्यावरून मुंब्र्याला वळसा घालून येईल, कोणी महाप्याचा चढ चढून येईल, कोणी पनवेलपर्यंत जाऊन मागे फिरेल. आता असे समजा की एकाच लग्नाचे वऱ्हाड तीन मोटारींत बसून एकाच क्षणी निघाले, पण तिन्ही सारथ्यांनी तीन वाटा धरल्या. वऱ्हाड एकच असले तरी फाट्यावर ते तीन वेगवेगळ्या वेळी पोहोचणार. आणि तेवढ्यात मागाहून निघालेल्या दुसऱ्या लग्नाची जवळच्या वाटेने आलेली मोटार पहिल्याच्या रेंगाळलेल्या मोटारीत मिसळणार. मग कोण कोणाच्या मांडवात जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दूरचित्रवाणीच्या लहरींचे शीळफाट्याला नेमके हेच होते.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा त्याचा मनोरा ३०० मीटर उंच आहे. तेथून शीळफाटा सरळ रेषेत सुमारे २८ किलोमीटर. एवढ्या उंच मनोऱ्याला हे अंतर जड नाही. अडचण मध्ये उभी आहे, ती पारसिकच्या डोंगराची. मुंब्र्यापासून बेलापुराकडे पसरलेली ही रांग वरळी आणि शीळ यांच्या बरोबर आड येते. रेल्वेने १९१६ साली या डोंगराला बोगदा पाडला. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेच्या २१ किलोमीटर बोगद्याचे एक तोंड तर शीळफाट्यालाच आहे, आणि त्यातला घणसोली ते शीळफाटा हा सुमारे ४.८८ किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. माणसाला डोंगर पोखरता येतो. लहरीला ती सोय नाही. ती डोंगराच्या माथ्यावरून थोडी वाकून पलीकडे उतरते, पण उतरता उतरता पुष्कळ क्षीण होते. याउलट पूर्वेला मलंगगडाचा कडा उघडा उभा आहे. त्याच्यावर आपटून परत फिरलेली लहर, शेजारच्या टेकड्यांच्या उतारांवरून आलेली लहर, आणि अलीकडे डोंबिवली-पलावाकडे उठलेल्या उंच इमारतींच्या भिंतींवरून घरंगळत आलेली लहर, या साऱ्या एका गच्चीवरच्या एका अँटेनात एकत्र येतात. सरळ आलेली अशक्त, आणि वळसा घालून आलेली कधी कधी तिच्याहून धडधाकट! ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

जुन्या काळच्या संचावर हे पडसाद डोळ्यांना दिसत असत. मुंग्या येणे निराळे. ते लहर क्षीण असल्याचे लक्षण. पडसादाचे लक्षण म्हणजे दुहेरी चित्र. निवेदिकेच्या उजव्या बाजूला तिचीच फिकट सावली उभी, तिला दुसरे नाक, दुसरे कुंकू. इंग्रजीत त्याला भूत म्हणत, आणि आपल्याकडेही कुणी तसे म्हटले तर शोभावे असे ते दृश्य असे. या भुताचा पत्ता मात्र फूटपट्टीने काढता येत असे. जुन्या पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. त्यांपैकी ५२ मायक्रोसेकंद प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. वीस इंची संचाचा पडदा सुमारे ४० सेंटिमीटर रुंद. म्हणजे एक मायक्रोसेकंद म्हणजे पडद्यावर जवळजवळ पाऊण सेंटिमीटर. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते, म्हणजे मायक्रोसेकंदाला ३०० मीटर. तेव्हा सावली दीड सेंटिमीटर सरकलेली दिसली, की समजावे, लहरीने ६०० मीटरचा जादा फेरा घातला आहे. अर्थात मनोऱ्याच्या विरुद्ध दिशेला ३०० मीटरवर कोणती इमारत आहे ते खिडकीतून पाहावे, भूत तेथे राहते.

मलंगगडाचा हिशेब याहून मजेचा आहे. वरळी ते मलंगगड आणि तेथून परत शीळफाटा, यातून सरळ अंतर वजा केले तर ढोबळ मानाने २५ किलोमीटरचा फेरा पडतो, म्हणजे ८० ते ८५ मायक्रोसेकंद. एक रेषा तर ६४ मायक्रोसेकंदांतच संपते! त्यामुळे हा पडसाद दिसण्याइतका जोरदार असला, तर तो आपल्या रेषेवर न पडता पुढच्या रेषेच्या अंगणात जाऊन पडे.

परंतु माणसाचा डोळा मोठा क्षमाशील. रविवारचा चित्रपट दोन-दोन नायकांसह लोकांनी आनंदाने पाहिला. अंकीय संचाजवळ ही क्षमा नाही, आणि आपल्या विषयाला खरा आरंभ येथून होतो.

अंकीय प्रक्षेपणात चित्र जात नाही, चित्राचे आकडे जातात. आठ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका वाहिनीतून ते एकामागून एक पाठवावयाचे म्हटले, तर सेकंदाला सुमारे सत्तर लाख खुणा पाठवाव्या लागतील, म्हणजे एका खुणेच्या वाट्याला मायक्रोसेकंदाचा सातवा हिस्सा. एवढ्या वेळात लहर चाळीस-बेचाळीस मीटर जाते. समोरच्या इमारतीचा पडसादसुद्धा पुढच्या कित्येक खुणांवर येऊन आदळेल, आणि मलंगगडाचा पडसाद सुमारे सहाशे खुणा उलटून गेल्यावर येईल. भराभर बोलणाऱ्या वक्त्याला गोलघुमटात उभे केल्यासारखे हे आहे. शिवाय आकड्यांच्या जगात 'थोडेसे चुकले' असे काही नसते. काही मर्यादेपर्यंत चित्र अगदी लख्ख, मर्यादा ओलांडली की पडद्यावर ठोकळे, आणि आणखी एक पाऊल टाकले की काळोख. सावली पडण्याची मधली पायरीच नाही, एकदम कडेलोट.

यावर तोड दोन मार्गांनी निघाली. पहिला मार्ग वजाबाकीचा. पडसाद किती उशिरा येतो आणि किती जोराने येतो हे संचाने मोजावे, आणि पुढे येणाऱ्या लहरीतून तेवढा भाग वजा करीत जावे. अमेरिकेने १९९६ साली स्वीकारलेल्या पद्धतीत हाच भरवसा होता. तेथे सेकंदाला एक कोटी सात लाखांवर खुणा एकाच रांगेत धावतात आणि संचातले समकारक मंडल पडसाद वजा करते. सरळ लहर बलवान आणि पडसाद दुबळा असेल तेथे हे ठीक चालते. पण वजाबाकी ज्याच्यातून करावयाची तीच रक्कम लहान असेल तर? पारसिकच्या आडोशाला सरळ लहर क्षीण, मागून येणारी बलवान, त्यात झाड हलले, ट्रक गेला, की पडसाद बदलला; मग कशातून काय वजा करावे हेच संचाला उमजत नाही. अमेरिकेत घरातल्या लहान अँटेनावर पहिल्या पिढीतले संच असेच गोंधळत. १९९९ साली सिंक्लेअर या प्रक्षेपण कंपनीने बाल्टिमोर शहरात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लावून दाखविल्या आणि पद्धत बदलू द्या म्हणून सरकारी आयोगाकडे अर्ज केला. तो २००० साली फेटाळला गेला. न्यायाने बोलावयाचे तर, पुढील संचांची वजाबाकी पुष्कळच सुधारली. तथापि, २०१७ साली अमेरिकेने ज्या नव्या पद्धतीला परवानगी दिली, ती दुसऱ्या मार्गाची आहे. सतरा वर्षांनी का होईना!

हा दुसरा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तो पडसादाशी भांडत नाही. गोलघुमटात बोलावयाचे तर काय करावे? सावकाश बोलावे. पण सावकाश बोलून सत्तर लाख खुणा सेकंदात कशा आटोपणार? उत्तर असे, की एका माणसाने भराभर बोलण्याऐवजी हजारो माणसे उभी करावी, प्रत्येकाला स्वतःचा एक स्वर नेमून द्यावा, आणि प्रत्येकाने आपला स्वर सावकाश, लांबवून धरावा. बातमी एकूण तेवढीच जाते, पण प्रत्येक जण निवांत असतो. अंकीय दूरचित्रवाणीच्या डीव्हीबी-टी या १९९७ च्या युरोपीय पद्धतीत एका वाहिनीत असे ६,८१७ वाहक स्वर बसविता येतात. २००९ च्या तिच्या सुधारलेल्या आवृत्तीत, डीव्हीबी-टी २ मध्ये, सत्तावीस हजारांवर. तेथे प्रत्येक स्वर ३,५८४ मायक्रोसेकंद टिकतो. मघाचा मायक्रोसेकंदाचा सातवा हिस्सा कोठे आणि हे कोठे! या अवधीत लहर हजार किलोमीटरांच्या वर जाते. पंचवीस किलोमीटरचा मलंगगडाचा फेरा त्यापुढे किरकोळ.

स्वराची निवड सहेतुक आहे. संगीत जाणणारी मंडळी येथे असतीलच. षड्जाचा प्रतिध्वनी कोणता? षड्जच. शब्दाचा पडसाद शब्दात मिसळला तर शब्द बिघडतो. पण लांब धरलेल्या शुद्ध स्वरात त्याचाच पडसाद मिसळला, तर स्वर बदलत नाही, तो केवळ थोडा मोठा किंवा थोडा बारीक होतो, आणि त्याचा हेलकावा किंचित मागेपुढे होतो. या एका निरीक्षणावर ही सारी इमारत उभी आहे.

तरी एक फट राहते. एक स्वरसमूह संपून दुसरा सुरू होतो, त्या सांध्यावर मागच्याचा पडसाद पुढच्यात शिरणारच. ती फट बुजविण्याची युक्ती मी त्रितालाने सांगतो. सोळा मात्रांचे आवर्तन घ्या. तबलजीने समेवर येण्याआधी त्याच आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रा, 'ता धिं धिं धा', आधी वाजवाव्या आणि मग पूर्ण सोळा मात्रांचे आवर्तन वाजवावे. एकूण वीस मात्रा झाल्या. ऐकणाऱ्याला सांगितले आहे की पहिल्या चार मात्रा सोडून दे आणि पुढच्या बरोबर सोळा मात्रा ऐक. आता पलीकडच्या खोलीत दुसरा तबलजी हेच सारे तीन मात्रा उशिरा वाजवीत आहे. तो आपला पडसाद. श्रोत्याच्या सोळा मात्रांच्या खिडकीत त्याचे काय ऐकू येईल? मोजून पाहा: आधी चौदावी, पंधरावी, सोळावी, आणि मग पहिलीपासून तेरावीपर्यंत. म्हणजे सोळाच्या सोळा मात्रा, प्रत्येक एकदाच, फक्त आवर्तन फिरवून मांडलेले. मागच्या आवर्तनाचा एकही बोल त्यात शिरला नाही. पडसाद सहा मात्रा उशिरा आला असता, तर मात्र मागच्या दोन मात्रा घुसल्या असत्या. त्या जादा चार मात्रांना संरक्षक अवधी म्हणावे. आणि प्रत्येक वाहक स्वर एका आवर्तनात पूर्ण संख्येनेच हेलकावे घेईल अशी त्यांची कंपनसंख्या निवडलेली असते. त्यामुळे आवर्तन कोठूनही सुरू झालेले असो, संपूर्ण मिळाले की एक स्वर दुसऱ्यापासून स्वच्छ निवडून काढता येतो.

ही कल्पना एकाच डोक्यातून निघाली नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट चँग यांनी १९६६ साली एकमेकांना न दुखविणाऱ्या अशा स्वरांचे गणित मांडले. १९७१ साली वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी हे हजारो स्वर हजारो यंत्रे न लावता एकाच गणिती प्रक्रियेने निर्माण करण्याची रीत दाखविली. शेपटाच्या मात्रा डोक्याला जोडण्याची युक्ती १९८० सालची, पेलेड आणि रुइझ यांची. पण यांपैकी काहीही घरात येणे शक्य नव्हते, कारण आकडेमोड फार. ३२,७६८ स्वर सरळ पद्धतीने निवडावयाचे तर १०७ कोटी गुणाकार, आणि तेही सेकंदाला अडीचशेच्या आसपास वेळा! कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेली शीघ्र रीत वापरली तर तेच काम पाच लाखांच्या आत आटोपते. या रीतीचे बीज गाउस या जर्मन गणितज्ञाच्या १८०५ च्या सुमाराच्या टिपणांत सापडते. त्याला ती लघुग्रहांच्या कक्षा काढण्यासाठी हवी होती. गाउसच्या टिपणातली रीत आज नखाएवढ्या चकतीवर बसून मालिका दाखविते.

आता अवधी किती ठेवावा? येथे प्रक्षेपकाच्या चालकाला व्यवहार पाहावा लागतो, कारण या जादा मात्रांत नवी बातमी काही जात नाही. तो वेळ पडसादाच्या नावाने सोडून दिलेला असतो. ३,५८४ मायक्रोसेकंदांच्या आवर्तनाला त्याचा १/१२८ अवधी जोडला तर तो २८ मायक्रोसेकंद होतो. तेवढ्यात लहर साडेआठ किलोमीटर जाते. समोरच्या इमारतींना तो पुरे आहे, मलंगगडाला अपुरा. १/३२ घेतला तर ११२ मायक्रोसेकंद, म्हणजे तेहेतीस किलोमीटरांहून अधिक. यात मलंगगड सामावतो. १/१६ मध्ये त्याच्या दुप्पट. म्हणजे आमच्या पूर्वेचा एक डोंगर पोटात घ्यावयाचा की नाही, हे मुंबईतल्या एका कळीवर अवलंबून असते.

स्वरांची संख्या वाढवीत गेले की आवर्तन लांबते आणि पडसाद क्षुल्लक होतो, मग ती अशीच का वाढवू नये? कारण स्वर एकमेकांच्या फार जवळ येतात. सत्तावीस हजारांच्या मांडणीत दोन शेजारच्या स्वरांत २७९ हर्ट्झचे अंतर उरते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीत ६०० मेगाहर्ट्झची लहर ५५ हर्ट्झने चढते वा उतरते. आगगाडी जवळ येताना तिच्या शिटीचा स्वर चढतो तसेच हे. शेजाऱ्याच्या पाचव्या हिश्शापर्यंत स्वर सरकला तर गोंधळ होणारच. म्हणून घरातल्या स्थिर संचाला लांब आवर्तन, चालत्या गाडीला आखूड. शीळफाट्याच्या वाहतुकीत ताशी शंभराचा वेग कोणाला कधी लाभतो, हा प्रश्न मी सोडून देतो.

मघाशी म्हटले की पडसादाने स्वर मोठा किंवा बारीक होतो. कोणता किती, हे संचाला कसे कळावे? बाजारात तराजू तपासण्यासाठी जसे माहीत असलेले माप टाकतात, तसे प्रक्षेपक या हजारो स्वरांत मधूनमधून ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोराचे स्वर पेरतो. संचाला त्यांचा मूळ जोर ठाऊक असतो. एखादा निम्म्याने येऊन पोहोचला, तर त्याच्या आसपासचेही निम्मे झाले असणार. त्यांना दुपटीने वाढवावे. एवढाच भागाकार. पण काही स्वर बारीक होत नाहीत, पुरते नाहीसे होतात: सरळ लहर वर जात असता पडसाद तेवढ्याच जोराने खाली येत असेल तर दोहोंची बेरीज शून्य. ६०० मीटर फेऱ्याच्या एकट्या पडसादाने आठ मेगाहर्ट्झच्या वाहिनीत असे सोळा खड्डे पडतात. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच.

हे खड्डे हिशेबनिसाच्या युक्तीने बुजतात. खतावणीच्या पानावर शाई सांडून एक रक्कम पुसली गेली, तरी आडवी बेरीज शाबूत असेल तर ती काढता येते. आडवी आणि उभी अशा दोन्ही बेरजा असतील तर आणखी पुष्कळ रकमा काढता येतात. प्रक्षेपक मूळ आकड्यांबरोबर अशा हजारो लहान लहान, एकमेकींत गुंतलेल्या बेरजा पाठवितो. शिवाय शेजारचे आकडे मुद्दाम दूरदूरच्या स्वरांवर विखरून ठेवतो. म्हणजे खड्डा पडलाच तर एका ओळीची दहा अक्षरे न जाता दहा ओळींचे एकेक अक्षर जाते, आणि एक गेलेले अक्षर वाचणारा मनाने भरून काढतो. बेरजांची ही विशिष्ट रचना रॉबर्ट गॅलेगर या तरुणाने १९६० साली एम. आय. टी.ला सादर केलेल्या प्रबंधात आहे. त्या काळच्या यंत्रांना ती झेपेना, म्हणून ती तीसएक वर्षे कपाटात पडून राहिली. १९९० नंतर इतरांनी ती पुन्हा शोधून काढली, आणि २००९ च्या दूरचित्रवाणीत ती मानाने बसली.

या सर्वांचा एक परिणाम असा झाला, की पडसाद शत्रू राहिला नाही. अवधीच्या आत आलेला पडसाद उलट बळच देतो, कारण लहरीची शक्ती शेवटी तीच आहे. मग पडसाद मुद्दाम का करू नये? जुन्या पद्धतीत डोंगरापलीकडे चित्र न्यावयाचे तर निराळ्या वाहिनीवर दुसरा प्रक्षेपक उभारावा लागे. पुण्यासाठी १९७३ साली सिंहगडावर मुंबईचे कार्यक्रम पुढे पाठविणारे केंद्र झाले ते याच जातीचे. नव्या पद्धतीत तीच वाहिनी, तोच कार्यक्रम, त्याच क्षणी दुसऱ्या टेकडीवरून सोडता येतो. संचाला तो दुसरा प्रक्षेपक वाटतच नाही, एक चांगला सशक्त पडसाद वाटतो. मुंब्र्याच्या डोंगरावर असा एक लहान प्रक्षेपक बसवला, तर पारसिकची सावली पुसली जाईल. यात तंत्राची अडचण काही नाही.

अडचण वेगळीच आहे. दूरदर्शनने २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईसह सोळा शहरांत डीव्हीबी-टी २ पद्धतीचे प्रक्षेपण सुरू केले. मनोरा होता, यंत्र होते, पद्धत जगातल्या उत्तमांपैकी होती. घरोघरी ते घेणारा संच मात्र नव्हता. लोक केबलकडे आणि उपग्रहाच्या तबकडीकडे केव्हाच गेले होते, आणि प्रत्येक विकल्या जाणाऱ्या संचात ही सोय असावी असा आग्रह कोणी धरला नाही. विहीर खणली, पोहरा दिला नाही. जुने, सावल्यांचे प्रक्षेपण सीमाभागासारखी मोजकी ठिकाणे वगळून मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरले. त्याच वर्षीच्या भारतीय मानकात संचामध्ये ट्यूनर बसविण्याची तरतूद झाली, ती उपग्रहाच्या ट्यूनरची. यात दोष अभियंत्यांचा नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्या मात्र वाया गेली नाही. आपल्या खिशातला चौथ्या पिढीचा मोबाईल याच हजार स्वरांच्या रीतीने बोलतो. त्याचा संरक्षक अवधी पावणेपाच मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे सुमारे १,४०० मीटरचा फेरा; मोबाईलचे मनोरे जवळजवळ असल्याने तेवढा पुरतो.

माझ्यापुढे एक चिठ्ठी आली आहे. 'मग पावसाळ्यात आमची तबकडी का बंद पडते? तोही प्रतिध्वनीच का?' नव्हे. तबकडी आकाशातल्या एकाच बिंदूकडे डोळा लावून बसलेली असते, तिला इकडचे तिकडचे पडसाद दिसतच नाहीत. पण उपग्रहाची ती लहर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची. दाट पावसाचे थेंब तिला शोषतात आणि विखरून टाकतात. जमिनीवरच्या अंकीय प्रक्षेपणाची लहर अर्ध्या मीटरच्या आसपास असते, तिला पावसाचे सोयरसुतक नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मोबाईल मुके झाले होते, हे येथील अनेकांच्या स्मरणात असेल. मोबाईलच्या मनोऱ्यावर बोलणारे वाढले की तो कोंडतो. प्रक्षेपकाचे तसे नाही; ऐकणारा एक असो की दहा लाख, त्याच्यावर भार तेवढाच. म्हणून मोबाईलमध्येच असा प्रक्षेपणग्राहक बसवून पाहण्याचे प्रयोग २०२३ साली बंगळूरला, नोएडाला आणि दिल्लीच्या कर्तव्य पथावर झाले. त्यांची पद्धत अमेरिकेने २०१७ साली घेतली तीच, हजारो सावकाश स्वरांची. चिठ्ठी पाठविणाऱ्यांना आज एवढेच उत्तर देता येईल.